चाकूरच्या बाई कोबेच्या टेबलाखाली

जपानला जाऊन आल्यापासून चाकुरात मला ठरावीक प्रश्न विचारले जातात. तिकडे साप खातात का, तिकडच्या बाया लुगडं नेसत नाहीत तर नेसतात काय, आणि आमच्यासाठी काय आणलंत. परिषद कशाची होती, हे अजून एकाही माणसानं विचारलेलं नाही. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे बाजारात दर वेळी भाजीची पिशवी खाली ठेवून व्याख्यान द्यायला नको. उद्या आपल्याकडच्या आणखी कुणा शिक्षकाला परदेशातल्या परिषदेचं बोलावणं आलं तर त्याच्याही उपयोगी पडेल, म्हणून मधूनमधून सल्ले देणार आहे. मी शाळेत भूगोल शिकवते. सल्ले दिल्याशिवाय मला राहवत नाही.

चाकूर

बोलावणं आलं तेव्हा आमच्या घरात आधीच एक परिषद भरलेली होती. तिचा विषय असा की तेजूनं अकरावीला लातुरात राहायचं की नाही. तेजू माझी मुलगी, दहावीचा शेवटचा पेपर देऊन नुकतीच मोकळी झालेली. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि लातूरला क्लास लावल्याशिवाय माणूस डॉक्टर होत नाही असा तेव्हा साऱ्या मराठवाड्याचा समज झालेला होता. तिच्या मैत्रिणीनं, पूजानं, क्लासच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर खोली धरली होती आणि दुसरी कॉट तेजूसाठी अडवून ठेवली होती. मी खोली बघायला गेले. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पोचले, वर स्लॅबकडे पाहिलं आणि तशीच खाली आले. खोली पाहिलीच नाही.

कारण सांगते. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी माझी धाकटी बहीण गणपतीला म्हणून माहेरी गेली होती. माहेर औशाकडचं. दगडमातीचं घर, वर हातभर जाडीचं मातीचं माळवद. मी चाकुरात बाजेवरून खाली पडले, तेवढंच. ती त्या माळवदाखालून निघाली नाही. तेव्हापासून डोक्यावर जड छत असलं की मला झोप लागत नाही. आम्ही जुनं घर सोडून पत्र्याचं बांधलं, तरी माझी बाज दारातच असते. उशाशी एक ताटली, तिच्यावर उपडा तांब्या, तांब्यावर वाटी आणि वाटीत मूठभर चिंचोके. जमीन हलली की वाटी पडते आणि बाई जागी होते. आमच्या भागात हे यंत्र पुष्कळांच्या घरी होतं. बाकीच्यांनी हळूहळू मोडलं, मी ठेवलं.

भूकंपानंतर मी शाळेत मुलांना भूकंपाचे धडे देऊ लागले. घंटा वाजली की बाहेर पळायचं, दप्तर सोडायचं, चप्पल सोडायची. ते बघायला कुणीकुणी आलं, कुणीतरी कुठंतरी लिहिलं, आणि त्यातून हे बोलावणं आलं. भूकंप झालेल्या देशांतल्या शिक्षकांची परिषद, जपानातल्या कोबे शहरात.

तेजू म्हणाली, "आई, तू समद्या तालुक्याला सांगत फिरतीस, भूकंपाला भ्यायचं न्हाई म्हणून. अन् घरात?"

"घरात भ्यायचं," मी म्हणाले.

तिनं बापाकडं पाहिलं. आमच्या ह्यांचं खताबियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांच्या भांडणात पडायचं नाही हा तिथला नियम ते घरातही पाळतात. शेवटी तीच म्हणाली, "बरं. जपानहून आल्यावर सांग. तवर पूजा कॉट धरून बसलीय. पण आल्या दिवशी सांगायचं. हाव का न्हाई, एवढंच."

मी मान हलवली. उत्तर माझ्याजवळ तयार होतं, फक्त ते तिला सांगण्याचा धीर नव्हता.

पहिला सल्ला पासपोर्टबद्दल. पोलीस चौकशीला येतात त्या दिवशी गल्लीला आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नाही. दारात पोलीस पाहून शेजारच्या काकू माझ्या बाजूनं भांडायला उतरल्या आणि "बाई लई चांगली हाय, जे काय केलं असंल ते चुकून केलं असंल" अशी साक्ष देऊन मोकळ्या झाल्या.

नारळाची गोष्ट

मराठवाड्यातून आणखी एक जण होते, नांदेडचे कादरी सर. चित्रकलेचे शिक्षक, निवृत्तीला आलेले, गुडघ्यांनी बेजार आणि जिभेनं तरतरीत. भूकंपानंतर लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये जे चित्र लागलं होतं ते यांचंच. लाल अंगरख्यातला मुलगा दोन्ही हात वर करून दारातून बाहेर पळतोय आणि खाली मोठ्या अक्षरांत 'बाहेर पळा!' मुंबईच्या विमानतळावर ते चित्र गुंडाळून, बंदुकीसारखं खांद्याला लावून उभे होते. त्यामुळं आमची तपासणी जरा जास्तच झाली.

मी परिषदेच्या अध्यक्षांसाठी शाल आणि श्रीफळ घेतलं होतं. आपल्याकडे कुणाच्या दारी कार्यक्रमाला जायचं तर मोकळ्या हातानं कसं जाणार? जपानच्या विमानतळावर हातमोजे घातलेल्या एका तरुण अधिकाऱ्यानं नारळ बाहेर काढला, उलटासुलटा केला, कानाशी हलवला. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की हा खायचा नाही, मानाचा आहे. त्यानं पुन्हा कानाशी हलवला. मग अत्यंत आदरानं, दोन्ही हातांनी धरून, तो आत घेऊन गेला आणि रिकामा परत आला. कादरी सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या नारळाचाच सत्कार झाला. आपला कधी होतो बघू."

तेव्हा शाल न्या, नारळ घरी ठेवा. शालीचं मात्र सोनं झालं. उद्घाटनाला मी ती अध्यक्षांच्या खांद्यावर घातली. ते एक सत्तरीचे, निवृत्त मुख्याध्यापक होते, इवलेसे आणि ताठ. आपल्याकडे सत्काराची शाल फोटो होईपर्यंत अंगावर असते आणि मग खुर्चीच्या पाठीवर जाते. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. बहुधा हा आमच्याकडचा दीक्षाविधी असावा असं समजून त्यांनी ती परिषद संपेपर्यंत उतरवली नाही. मे महिना होता. घाम पुसायचे, पण शाल तशीच.

जेवणाचं थोडक्यात. मी मटण खाणारी बाई आहे, कादरी सर तर आहेतच, पण तिथला मासा न शिजवता समोर येतो आणि मटणाबद्दल कादरी सरांचे नियम वेगळे. त्यात ज्या भाजीत काही नाही असं वाटावं तिच्या रश्शातसुद्धा मासा निघतो. त्यामुळं आम्ही भात घ्यायचो आणि त्यावर माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी. धपाटे नेलेच होते. तुर्कस्तानहून आलेल्या बाईंनी एक चाखलं आणि दुसऱ्या दिवशी त्या आमच्याच टेबलावर येऊन बसल्या. तेव्हा चटणी जितकी वाटते त्याच्या दुप्पट न्या. आणि हो, तिथं शेवया फुर्रकन आवाज करत खाणं हे चांगलं समजतात. आमच्याकडं आमटीचा भुरका मारला म्हणून मी तेजूला किती वेळा टाकून बोलले असेन. इथं मोठमोठे प्राध्यापक भुरके मारत होते आणि मी लाजून गप्प गिळत होते, तर यजमानांना वाटलं मला आवडलंच नाही.

अकरावा मजला

हॉटेलात मला खोली मिळाली अकराव्या मजल्यावर.

मी खाली काउंटरवर जाऊन तळमजल्याची मागितली. आमच्या दुभाषी इशिदाबाई मदतीला आल्या. या पोरसवद्या दिसणाऱ्या पण चाळिशीच्या बाई कॉलेजात हिंदी शिकल्या होत्या आणि पुस्तकातली हिंदी बोलत. कादरी सर त्यांच्या हिंदीवर बेहद्द खूश होते. त्या म्हणाल्या, "क्षमा कीजिए, भूतल पर केवल भोजनालय और धोबीखाना है।" मी धोबीखान्यात राहायलाही तयार होते, पण त्यांना ती थट्टा वाटली.

मग मी माझ्या पद्धतीनं सोय केली. खोलीतली चहाची किटली टेबलावर उपडी ठेवली, तिच्यावर बशी, बशीत चमचे. साडी नेसलेलीच ठेवली, पायांत बूट, पासपोर्ट कमरेला, आणि दाराशी खुर्ची ओढून तिच्यात बसून रात्र काढली. सकाळी परिषदेला गेले. परत येऊन बघते तर सफाईवाल्या बाईनं किटली सुलटी करून, बशी धुऊन, चमचे पुसून जागेवर ठेवलेले. मी पुन्हा रचलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा आवरलं. ती कधी मला दिसली नाही, मी तिला दिसले नाही, पण आमचं दोघींचं जोरात चाललं होतं. तिसऱ्या दिवशी परतले तर काय बघते! किटली तिनं स्वतःच उपडी ठेवली होती, बशी बरोबर मधोमध आणि चमचे लहानमोठे बघून ओळीनं लावलेले. माझ्या देशाचा काही धार्मिक विधी असावा असं धरून तिनं तो माझ्यापेक्षा नेटका केला. मला इतकं भरून आलं की मी तिच्यासाठी उशीवर एक धपाटं ठेवलं.

नाश्त्याला कादरी सर डोळे चोळत बसलेले.

"झोप नाही आली?" मी विचारलं.

"कुठली झोप मॅडम. मी तर ग्लासावर साबणाची डबी ठेवून जागत बसून राहिलो. अल्ला, नवव्या मजल्यावर माणसानं निजावं कसं? नांदेडला मी गच्चीवर जातो ते बी पतंग बघायला."

खालच्या मोठ्या दालनातून मी घरी फोन लावला. ह्यांनी उचलला, लगेच तेजूनं हिसकावला.

"आई, काय ठरवलीस?"

"अगं, आधी विचार तरी, बरी आहेस का."

"बरी हायस का? काय ठरवलीस?"

"आल्यावर सांगते म्हणाले ना."

"पूजाची आई म्हणायली, दुसरी पोरगी बघावं का म्हणून." तिचा आवाज बारीक झाला होता. मी फोन लांबचा आहे, नीट ऐकू येत नाही असं म्हणून ठेवून दिला. आवाज खरं तर अगदी स्वच्छ येत होता.

भाषणाचा दिवस

माझं भाषण इंग्रजीत होतं. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी लिहून दिलेलं, मी तोंडपाठ केलेलं. तिथं वेळ संपत आली की घंटी वाजते आणि संपली की पुन्हा वाजते. आपल्यासारखं "दोनच मिनिटांत संपवतो" म्हणून अर्धा तास घेता येत नाही. मागं भिंतीवर कादरी सरांचा लाल अंगरख्याचा मुलगा लावला होता. मी आमच्या शाळेतले धडे सांगत होते. घंटा होताच माझी मुलं किती झपाट्यानं वर्ग मोकळा करतात ते सांगण्यापर्यंत आले, आणि पायाखालची फरशी हलली.

फार नाही. माझ्यासमोरच्या पेल्यातलं पाणी डुचमळलं, वरचे दिवे झुलले. पण हे मी नंतर आठवून सांगते आहे. तेव्हा मला एवढंच कळलं की मी माईक हातात धरून ओरडते आहे, "पळा! भायेर पळा! समदे भायेर!" बी.एड.ची मराठी, पाठ केलेलं इंग्रजी, सगळं गेलं. राहिली ती माझ्या माहेरची भाषा. खुर्च्यांमधून कादरी सर "भागो, भागो!" करत उठले आणि गुडघे विसरून माझ्यापुढं धावले. तुर्कस्तानच्या बाई आणि कच्छचे एक मास्तर आमच्या मागं. चौघं दारातून, पायऱ्यांवरून, रस्त्यावर. पदर माझ्या हातात आणि माईक अजून दुसऱ्या हातात, वायरीसकट.

बाहेर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. एक माणूस सायकलवरून शांतपणे चालला होता. आम्ही भिंतीला टेकून धापा टाकत होतो तोच इशिदाबाई आल्या. धावत नाही, भरभर चालत. त्यांनी वर बोट दाखवलं. आम्ही वर पाहिलं. आमच्या डोक्यावर इमारतीची सगळी दर्शनी बाजू काचेची होती, पार वरपर्यंत.

"यहाँ मत खड़े रहिए," त्या म्हणाल्या. "भीतर अधिक सुरक्षित है।"

आत गेलो तर सगळी परिषद टेबलांखालून उठून, गुडघे झटकून जागेवर बसत होती. अध्यक्ष सगळ्यांत शेवटी निघाले, शालीसकट. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला त्यांच्यावर रागावता तरी आलं असतं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि माझा थोडा वेळ उरला आहे असं सांगितलं.

पाठ केलेलं आठवेना. मी इशिदाबाईंना म्हटलं, मी हिंदीत बोलते, तुम्ही सांगा. मग बोलले. आमच्याकडं घर कसं असतं ते सांगितलं. दगड, माती, वर माळवद. त्या घरात टेबल नसतं. जो आत राहिला तो गेला आणि जो अंगणात निजला होता तो वाचला. बहिणीचंही सांगितलं. ते लिहिलेल्या भाषणात नव्हतं. मधे थांबले, पाणी प्यायले. म्हणून आम्ही पळतो, म्हणाले, आणि म्हणून पोरांना पळायला शिकवतो.

अध्यक्षांनी हात वर केला. "आता तुमचं घर कसं आहे?"

"पत्र्याचं."

"ते पडलं तर?"

"लागेल. मरणार नाही."

"आणि हे सभागृह पडत नाही हे तुम्हाला काल दाखवलं होतं. तरी तुम्ही पळालात. का?"

मी खरं तेच सांगितलं. "ते माझ्या पायांना विचारा."

इशिदाबाईंनी ते जपानीत सांगितलं आणि मग मात्र सगळे हसले, अध्यक्षही, आणि कादरी सर सगळ्यांत मोठ्यानं, गुडघे चोळत. मीही हसले. खोलीत परतले तेव्हा किटली आडवी होती आणि चमचे गालिच्यावर विखुरलेले. यंत्रानं काम चोख केलं होतं, फक्त ऐकायला कुणी नव्हतं.

इशिदाबाईंचं कपाट

दुसऱ्या दिवशी इशिदाबाईंनी आम्हाला घरी चहाला नेलं. घर नवव्या मजल्यावर. कादरी सर लिफ्टनं गेले, मी जिन्यानं. वर पोचेपर्यंत त्यांचा दुसरा चहा चालू होता. जपानी घरात बूट दारात काढायचे असतात, ते आपल्याला सांगावं लागत नाही. पण मोजे बघून घाला. कादरी सरांचा अंगठा बाहेर आला होता आणि ते सबंध वेळ एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून बसले.

बाईंचं जुनं घर कोबेच्या भूकंपात पडलं होतं. सासरे त्यात गेले. हे त्यांनी चहा ओतताना सांगितलं आणि बिस्किटं पुढं केली.

मी विचारलं, "तरी तुम्ही नवव्या मजल्यावर राहता? भीती वाटत नाही?"

"लगता है। बहुत डर लगता है।" त्या उठल्या आणि मला झोपायच्या खोलीत घेऊन गेल्या. कपाटाला हात लावून म्हणाल्या, "इसलिए इसे बाँधा है।" कपाट वरून भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी पक्कं केलेलं होतं. पुस्तकांची मांडणीही, आणि दूरदर्शन संचसुद्धा. उशाशी बूट आणि विजेरी. घर घेण्याआधी त्यांनी खालचा मजला बघितला होता. तो नुसता खांबांवर मोकळा आहे की भिंतींचा, हे आधी बघायचं, कारण मोकळा असला तर इमारत आधी तिथंच बसते. हे त्या मला हळद-मसाल्याचं प्रमाण सांगावं तशा सांगत होत्या.

मी इतकी वर्षं समजत होते की भीती जाते किंवा राहते. राहिली तर दारात बाज टाकायची आणि तिच्याबरोबर जागायचं. ह्या बाईनं तिला कामाला लावलं होतं. परत येताना मी नऊ मजले उतरले आणि तळाच्या भिंतीला हात लावून उभी राहिले, हे कादरी सरांच्या लक्षात आलं. "मॅडम, तबियत बरी हाय ना?" त्यांनी दोनदा विचारलं.

शेवटच्या दिवशी एका प्राथमिक शाळेत नेलं. घंटा झाली. मुलं पळाली नाहीत, सगळी एकदम टेबलांखाली. माझ्याजवळच्या चिमुरडीनं बघितलं की ही पाहुणी अजून उभीच आहे. तिनं माझी साडी धरली आणि मला खाली ओढलं. ते टेबल तिच्या मापाचं. माझं डोकं आणि एक खांदा आत गेला, बाकीची मी बाहेर. तिनं माझा हात घेऊन टेबलाच्या पायावर ठेवला आणि वर आपला हात ठेवून दाबला. टेबल सरकतं, म्हणून पाय धरायचा. शेजारच्या टेबलाखाली कादरी सर हातापायांवर होते आणि "या अल्ला, आता उठवणार कोण" म्हणत होते. त्यांना उठवायला शिपाई आणि इशिदाबाई दोघं लागले.

विमानात त्यांनी पाठकोऱ्या कागदावर नवं चित्र काढलं. डावीकडं माळवदाचं घर आणि लाल अंगरख्याचा मुलगा, बाहेर पळणारा. उजवीकडं स्लॅबचं घर आणि तोच मुलगा, टेबलाखाली, पाय धरून. "आधी वर बघा, मग काय ते करा, असं लिहू का खाली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लिहा.

लातूर

आल्या दिवशी तेजू दारातच उभी होती. पिशवी घेतली नाही, पाणी दिलं नाही. "हाव का न्हाई?"

"आधी खोली बघते," मी म्हणाले.

"बघून झालीय की तुझी! जिन्यातून पळालीस न्हाई का?"

"ती खोली नव्हती, जिना होता."

लातूरच्या त्या गल्लीत दर दोन घरांनंतर एक क्लास आणि दर क्लासच्या वर मुली, डबे, वाळत घातलेले कपडे. मी आधी इमारतीभोवती फिरले. खाली घरमालक स्वतः राहत होते, चारी बाजूंनी भिंती होत्या. खांब मोजून पाहिले, तळाशी ओल आहे का ते वाकून पाहिलं, बांधली कधी ते विचारलं. मालक सुपारी कातरत माझ्या मागं मागं येत होते.

"मॅडम, तुमी पोरगी ठिवायलाव का बिल्डिंग इकत घ्यायलाव?"

"पोरगी. म्हणून तर बघायलेय," मी म्हणाले. तेजू रस्त्यापलीकडं जाऊन ओळख नसल्यासारखी उभी राहिली.

मग जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर पाय थांबले. त्यांना म्हटलं, चला. तिसऱ्या मजल्यावर पोचले.

खोलीत दोन कॉट, एक लोखंडी कपाट आणि दुमडतं टेबल, त्याच्याखाली मांजरसुद्धा वाचलं नसतं. पुढच्या आठवड्यात मी आमच्याकडच्या सुतारानं केलेलं सागवानी टेबल एसटीच्या टपावर बांधून आणलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, पोरगी परीक्षेला बसायलीय का टेबल?" मालकाच्या परवानगीनं भिंतीत पट्ट्या ठोकून कपाट पक्कं करून घेतलं. कॉट खिडकीच्या काचेपासून ओढल्या. मग दोघी मुलींना टेबलाखाली बसवलं, पाय धरायला लावला. पूजा हसत हसत बसली. तेजू तोंड फुगवून बसली, पण पाय नीट धरला.

"झालं?" तिनं खालूनच विचारलं.

"अजून एक." मी पिशवीतून ताटली, तांब्या, वाटी आणि चिंचोके काढून तिच्या उशाशी रचले. तिनं उशी सरकवून जागा करून दिली. हे घरून आल्याशिवाय आई सोडणार नाही, हे तिला माहीत असावं.

पूजा क्लासला गेली. दुपार होती, ऊन रणरणत होतं, चाकूरची गाडी सुटायला वेळ होता. पाठ मोडून आली होती म्हणून मी जरा जमिनीवर पडले. वर स्लॅब होता. त्याच्याकडे बघत होते, तेवढं आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन उतरलेलं. अंगावर तेजूची चादर होती आणि ती टेबलाशी पुस्तक उघडून बसलेली.

"गाडी?" मी धडपडून उठले.

"कवाच गेली."

"उठवायचं न्हाई का मग?"

"कसं उठवू? घोरायलीस की. मी तुला अशी निजलेली कधी बघितलीच न्हाई."

घसा कोरडा पडला होता. पाणी मागितलं. तिनं इकडं तिकडं पाहिलं, पेला अजून पिशवीतच होता. मग उशाशी वाकून वाटी उचलली, चिंचोके खिडकीत ओतले, तांब्या सुलटा केला, माठातून भरून माझ्या हातात दिला. मी सगळा प्यायले. तिनं तांब्या घेतला, पुन्हा भरला आणि तसाच, सुलटा, टेबलावर ठेवून अभ्यासाला बसली. मी शेवटच्या गाडीला निघाले तेव्हाही तो तसाच होता.